मेलेले साप मोजायचे कसे?

पौड ओलांडून मुळशी जलाशयाच्या कडेने ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांनी भरून जातो. त्याच दिवसांत त्यावर चिरडलेले बेडूक, खेकडे आणि साप दिसतात. बेडूक प्रजननासाठी साचलेल्या पाण्याकडे निघतात आणि रस्ता मध्ये आडवा येतो. दिवसा तापलेले डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ ऊबदार राहते; ती ऊब सापांना ओढून आणते. रातवा रात्री रस्त्यावरच बसतो आणि दिव्यांच्या झोतात दिपतो. खापरखवल्या साप किंवा देवगांडूळ एरवी जमिनीखाली राहतात, अभ्यासकांनाही क्वचितच दिसतात. त्यामुळे त्यांचा मेलेला नमुनाही मोलाची नोंद ठरतो.

ही मोजणी एकट्यादुकट्या संशोधकाच्या आवाक्यातली नाही. पोर्तुगालमधील रस्त्यांवर केलेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की बेडूक, सरडे, लहान पक्षी यांचे अवशेष बहुधा एका दिवसातच नाहीसे होतात. आपल्याकडे तर कावळे, घारी, मुंग्या आणि धो धो पाऊस! (कावळा या कामात आमचा सर्वांत तत्पर प्रतिस्पर्धी आहे.) आठवड्यातून एकदा येणाऱ्याच्या हाती म्हणूनच फार थोडे लागते. रोज त्याच वाटेने जाणारे शिक्षक, विद्यार्थी आणि एसटीचे प्रवासी मात्र ही नोंद ठेवू शकतात.

पण नुसती छायाचित्रे गोळा करून विज्ञान होत नाही. समजा, एका शाळेने पौडजवळचा एक किलोमीटर रस्ता 30 दिवस चालून पाहिला आणि 30 मृत प्राणी मोजले. दुसऱ्या शाळेने घाटाजवळचा एक किलोमीटर फक्त 5 दिवस पाहिला आणि 15 मोजले. पहिला रस्ता दुप्पट घातक का? नाही. तेथे दर फेरीला एक प्राणी सापडला, दुसरीकडे तीन. फेऱ्यांची संख्या ठाऊक नसती तर आपण नेमका उलटा निष्कर्ष काढला असता. म्हणून ज्या दिवशी काहीच सापडले नाही, त्या दिवशीही तारीख, वेळ, अंतर आणि ‘शून्य’ लिहायलाच हवे. मुलांना नेमके हेच लिहायचा कंटाळा येतो, आणि माझ्या मते शिक्षकाचे खरे काम इथेच आहे. फेरी पायी की वाहनातून, हेही लिहावे. गाडीतून घोणस दिसेल, बोटभर बेडूक दिसणार नाही.

तैवानमध्ये 2011 पासून सामान्य नागरिक अशा नोंदी पाठवत आहेत. 2013 साली तेथे बिज्जूसारख्या एका रानटी प्राण्यात रेबीज आढळला, तेव्हा रस्त्यांवरून जमा केलेले मृत नमुने रोगाचा प्रसार तपासायला उपयोगी पडले. रस्ताबांधणीतही हीच माहिती लागते. नागपूर जिल्ह्यात पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाखाली प्राण्यांसाठी 9 पूल व भुयारी मार्ग बांधले आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तेथून वाघही जाताना टिपले. अर्थात वाघासाठी पैसा मिळतो, बेडकासाठी कोण देणार? पण मुळशीसारख्या रस्त्यावर मृत बेडूक एखाद्या ओढ्यापाशीच सतत सापडत असतील, तर तेथली मोरी साफ करून तिच्याकडे वळवणारी फूटभर उंचीची कड बांधणे फार खर्चाचे नाही. त्यासाठी ती जागा कोणती, हे आधी कळले पाहिजे.

फेरी सकाळी, उजेडात, कडेने आणि मोठ्या माणसाबरोबरच करावी. वळणावर थांबू नये. दुचाकी चालवणाऱ्याने मोजणीच्या फंदात पडू नये. मृत प्राण्याला हात लावू नये, घरीही आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (1972) ते अडचणीचे ठरू शकते. शेजारी एखादे नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकार समजतो. जवळचा किलोमीटरचा दगड, दोन्ही बाजूंना झाडी, भातखाचर की भिंत, हे टिपावे. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न देता ‘साप, अनोळखी’ असेच लिहावे.