जिभेतला मणी

सकाळी साडेनऊ. कोथरूडचा दवाखाना उघडला. पहिल्या आजोबांची नवी कवळी टोचत होती, तेवढी घासून दिली. नंतर दोघांचे दात साफ केले.

साडेदहा. अकरावीतली मुलगी, सोबत आई. ‘खालच्या दाढेचा तुकडा उडालाय, आणि कडक काही खाल्लंही नव्हतं.’ आ केल्यावर कारण समोरच दिसलं. जिभेच्या मधोमध स्टीलची दांडी, वर-खाली एकेक मणी. ‘चाळा करतेस का?’ विचारलं, तर ‘नाही’ म्हणाली, आणि म्हणता म्हणता मणी दातावर टक्‌कन वाजला. आईने कपाळाला हात लावला. ‘तुम्हीच सांगा डॉक्टर, शोभतं का हे?’ शोभण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आईच्या नाकात छान चमकी होती. नाक-कान टोचणं आपल्याकडे घरोघरी चालतं. फक्त चमकी दिवसभर दातांवर आपटत नसते.

एक्स-रेसाठी दांडी काढायला लावली. धातू मध्ये आला की त्याच्या सावलीत नेमकं हवं तेच झाकलं जातं. ‘भोक बुजणार तर नाही ना?’ दहा मिनिटांत नाही बुजत, म्हटलं. पण दांडी हातात घेतली आणि लांबी खटकली. टोचल्यावर जीभ सुजते, म्हणून सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी घालतात. सूज उतरली की आखूड बदलून घ्यायची असते. हिने ती बदललीच नव्हती. लांब दांडीला झोका जास्त.

दाढ फारशी अवघड नव्हती, फिलिंगवर भागलं. मला काळजी वाटली ती खालच्या पुढच्या दातांची. त्यांच्या मागे आरसा धरला तर दोन दातांची हिरडी खाली सरकलेली, मूळ पिवळट दिसत होतं. प्रोबने मोजलं: तीन मिलिमीटर. दुखत मुळीच नव्हतं, आणि पंचाईत तीच असते. फोटो काढून दाखवल्यावर मुलगी पहिल्यांदा गप्प झाली. ‘परत वर येईल ना?’ आपोआप येत नाही. शस्त्रक्रिया करता येते, पण जिभेच्या बाजूला ते काम किचकट, आणि मणी घासतच राहिला तर टिकणार किती? टोचताना सुई नवी, पाकीटबंद होती का, हेपॅटायटिस बीची लस झालीय का, हेही विचारलं. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

दीड. डबा उघडला आणि फोन. परवा जीभ टोचलेला मुलगा. ताप आहे, जिभेखाली सूज, थुंकी गिळवत नाही. पहिले काही दिवस थोडी सूज यायचीच, बर्फ चघळून निभावते. हे मात्र निराळं. संसर्ग जिभेखालून गळ्याकडे उतरला तर श्वासाची वाट दाबली जाते. दवाखान्यात येऊच नको, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आत्ता. भाजी गार झाली.

पाच ते सात. एक रूट कॅनॉल, एक हलणारा दुधाचा दात, आणि एकजण ‘सहज दाखवायला’.

साडेसात. सकाळच्या मुलीचा मेसेज: ‘प्लास्टिकचा मणी चालेल का?’ दात फुटायचा धोका कमी होईल, लिहिलं, पण हिरडी घासायची थांबणार नाही, काढलेलंच बरं. काढलं नाहीस तरी तीन महिन्यांनी ये, पुन्हा मोजू. उत्तरादाखल अंगठा आला.