काटा, अवधाण आणि आठवण

कुंभकोणमहून तंजावरकडे निघालेली गाडी वाटेत पापनाशमला थांबते. रुळांच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं, कावेरीच्या फाट्यांनी आणि कालव्यांनी भिजलेली. आपल्याकडे फराळाचे डबे भरले जातात तेव्हा इथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू झालेला असतो आणि ‘सांबा’ हंगामाचं भात चिखलात उभं असतं. त्या चिखलात बायामाणसं अनवाणी उतरतात. पायात काटा मोडणं ही इतकी रोजची गोष्ट, की घरी येऊन तिचं कुणी नावही काढत नाही. शरीर रोगाशी कसं झुंजतं याची कथा मात्र त्या काट्यापासूनच सुरू करावी. आणि हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, तेव्हापासून १८५५ साली राज्य खालसा होईपर्यंत इथे भोसल्यांची सत्ता होती.

काटा

त्वचा ही पहिली वेस. काटा ती भेदतो आणि चिखलातले जीवाणू आत नेऊन सोडतो. काही मिनिटांतच त्वचेखालच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो. जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकातच नोंदवली होती. आपण सुजेला दुखणं समजतो. खरं तर ती मदतीची वाट मोकळी केल्याची खूण असते.

त्या वाटेनं पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. आपली अस्थिमज्जा दिवसाला सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्या जीवाणू गिळतात, रसायनांनी मारतात आणि स्वतःही मरतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच प्रेतं. मागून महाभक्षक पेशी येतात. त्या उरलेसुरले जंतू खातात आणि राडाही आवरतात.

हे प्रथम दिसलं तेही काट्यामुळेच. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तर फिरत्या पेशींनी काट्यांना गराडा घातलेला. पुढच्या दशकात रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांवर (अँटीबॉडीजवर) जर्मनीत पाउल एर्लिख काम करत होता. खरा बचाव पेशी करतात की रक्तद्रव, यावर दोन्ही पक्षांत वर्षानुवर्षं वाद रंगला. १९०८चं नोबेल दोघांना वाटून दिलं गेलं, आणि दोन्ही बाजू बरोबर होत्या हे पुढच्या शतकानं दाखवलं.

या पहिल्या फळीला जंतूंची नावं-गावं कळत नाहीत, जात तेवढी कळते. जीवाणूंच्या भिंतीत असे काही रेणू असतात जे माणसाच्या पेशीत कधीच नसतात. तेच हेरणारे ग्राहक (रिसेप्टर) या पेशींवर असतात. त्यांच्या शोधासाठी बॉयटलर आणि हॉफमन यांना २०११ साली नोबेलचा वाटा मिळाला.

अवधाण

पायाची जखम चिघळली की दोन-तीन दिवसांनी जांघेत गाठ येते. मराठीत तिला नेमका शब्द आहे: अवधाण. लागलं पायाला आणि गाठ जांघेत, हे आजीला ठाऊक असायचं. का, ते १९७३ नंतर उलगडत गेलं. त्या वर्षी राल्फ स्टाइनमन यानं फांद्याफांद्यांच्या आकाराच्या डेंड्रायटिक पेशी शोधल्या. जखमेजवळच्या या पेशी जंतूचे तुकडे उचलतात, लसिकावाहिनीतून जांघेतल्या ग्रंथीपर्यंत जातात आणि तिथे ते तुकडे अंगावर मिरवत बसतात.

ग्रंथीत टी आणि बी या पांढऱ्या पेशींची रीघ चालू असते. यातल्या प्रत्येक पेशीचा ग्राहक वेगळा, जन्मतःच ठरलेला. मोजक्या जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून शरीर कोट्यवधी वेगवेगळे ग्राहक कसे बनवतं, हे सुसुमु तोनेगावा यानं दाखवलं; त्याला १९८७चं नोबेल मिळालं. म्हणजे जंतू येण्याआधीच त्याला ओळखणारी पेशी शरीरात कुठेतरी असते. ती भेटेपर्यंत वेळ जातो. भेटली की ती दुणावत, चौगुणावत वाढते. ही वाढ म्हणजेच अवधाण. नवख्या जंतूविरुद्ध पुरेसे प्रतिपिंड तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवर पहिल्या फळीनं किल्ला लढवायचा.

जंतू हटला की या वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात. थोड्या मात्र राखल्या जातात. पापनाशमला तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायक राजांच्या काळचं विटांचं प्रचंड धान्यकोठार आहे. सुगीचं धान्य सगळं खाऊन कुणी संपवत नाही. शेतकरी पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला काढतो. स्मृतिपेशी हे शरीरानं राखलेलं बियाणं. तोच जंतू पुन्हा आला तर पेरणीपासून सुरुवात करावी लागत नाही. आठवड्याचं काम काही दिवसांत उरकतं आणि पुष्कळदा आपल्याला पत्ताही लागत नाही.

देवी आणि अम्मै

या आठवणीचा सर्वांत मोठा पुरावा ज्या रोगानं दिला, त्याला आपण ‘देवी’ म्हणालो आणि तमिळ लोक ‘अम्मै’, म्हणजे आई. दोन्ही भाषांनी रोगाला बाईमाणसाचा मान दिला, कारण तिच्यापुढे हात टेकले होते. तंजावरजवळ पुन्नैनल्लूरला या रोगाची देवता मानलेल्या मारीअम्मनचं देऊळ आहे. देवीनं व्यंकोजीराजांना स्वप्नात दृष्टांत दिला आणि उंडीच्या रानात ती सापडली, अशी कथा सांगतात. मूर्ती वारुळाच्या मातीची, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. तुळजाराजांच्या मुलीची आजारात गेलेली दृष्टी इथे परत आली, अशीही कथा आहे. देवीच्या रोगात त्या काळी कित्येकांचे डोळे जात, हे लक्षात घेतलं की या कथेमागच्या भयाचा अंदाज येतो.

एकदा देवी येऊन गेलेल्याला ती पुन्हा येत नाही, हे अनुभवानं सर्वांना ठाऊक होतं. बंगालसारख्या प्रांतांत टीकादार देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचत. बहुतेकांना सौम्य आजार होऊन आयुष्यभराचं संरक्षण मिळे; काही दगावत. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यानं गाईच्या देवीचा उपयोग केला आणि धोका फार कमी झाला. दोन्ही विषाणू इतके सारखे, की एकाची आठवण दुसऱ्यालाही पुरते.

ही लस बगदाद-बसरामार्गे मुंबईत आली. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिला ती टोचली गेली. हिंदुस्थानातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्या मुलांना आणि अशीच दंडादंडावरून पुढे देशभर गेली. शीतपेटी नव्हती, मुलंच लसीच्या कुप्या झाली. तंजावरला तेव्हा दुसरे सरफोजीराजे गादीवर होते. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छपराखाली होतं. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही आहेत. आजाराचं टिपण ठेवावं, हा विचार त्या दरबारात रुजला होता.

शरीराचं टिपण किती टिकतं? फेरो बेटांवर १७८१ नंतर गोवर आला तो थेट १८४६ मध्ये. जेमतेम पावणेआठ हजार वस्तीतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पण पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांना गोवर येऊन गेला होता, ते म्हातारे सहीसलामत राहिले, असं डॅनिश डॉक्टर पानुम यानं नोंदवलं. १९१८च्या इन्फ्लुएन्झातून वाचलेल्यांच्या रक्तात त्या विषाणूचे प्रतिपिंड नव्वद वर्षांनीही सापडले.

हत्तीचा पाय

पापनाशमच्या शेजारचं कुंभकोणम एकेकाळी हत्तीरोगासाठी कुप्रसिद्ध होतं. तमिळमध्ये त्याचं नाव ‘यानैक्काल’, म्हणजे हत्तीचा पाय. साचलेल्या घाण पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डास वूचेरेरिया नावाच्या कृमीच्या अळ्या माणसात सोडतो. मोठे झालेले कृमी लसिकावाहिन्यांतच बिऱ्हाड करतात, म्हणजे ज्या वाटेनं अवधाणाचा निरोप जातो त्याच वाटेवर, आणि वर्षानुवर्षं राहतात.

चोर पोलीस चौकीतच राहायला यावा, तसा हा प्रकार. तरी शरीर गप्प का बसतं? कृमी शरीरातली आवरती यंत्रणा स्वतःच्या बाजूला वळवतो. आपल्याकडे नियामक टी पेशी असतात. त्यांचं काम बाकीच्यांना शांत करणं. त्यांचा माग काढणाऱ्या ब्रुन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५चं नोबेल मिळालं. या पेशी नसतील तर शरीर स्वतःच्याच ऊतींवर तुटून पडतं. कृमी नेमक्या याच पेशींना चुचकारतो. म्हणून रक्तात हजारो अळ्या असूनही कित्येक जण धडधाकट दिसतात. आणि ज्यांचं शरीर जोरात प्रतिकार करतं त्यांच्यात दाह होतो, वाहिन्या निकामी होतात, त्यावर जीवाणूंचे संसर्ग वारंवार होतात आणि पाय फुगत जातो. हत्तीपायाला कृमी जितका जबाबदार, तितकंच शरीराचं उत्तरही.

म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ असं सांगणारा काढा किंवा गोळी दिसली की विचारावंसं वाटतं: कोणती वाढवायची? मारणारी की आवरणारी? झोप, पोटभर सकस अन्न आणि लस यांच्याशिवाय या तोलाला हातभार लावणारं फारसं काही बाटलीत मिळत नाही.

चुकलेली आठवण

आठवण कधी उलटतेही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार. एका प्रकारानं आजारी पडलेल्याला दुसऱ्या प्रकारानं गाठलं, तर जुने प्रतिपिंड त्याला नीट अडवत नाहीत. उलट पेशीत शिरायला हात देतात. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक घातक ठरू शकतो. घशात स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला की काही मुलांमध्ये त्याच्याविरुद्धची मोहीम हृदयाच्या झडपांवर घसरते. संधिवाताचा ताप तो हाच. गोवर तर आठवणच पुसतो. तो स्मृतिपेशींमध्येच वाढतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर झालेल्या मुलांच्या इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाल्याचं दिसलं. ‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो’ हे वाक्य म्हणून महागात पडतं.

वारसा

तंजावरच्या मराठी घरांतून साडेतीनशे वर्षं मराठी टिकली. तमिळची लय अंगी मुरवत, आजीकडून नातवाकडे. प्रतिकाराच्या आठवणीला ही सोय नाही. ती पेशींत असते आणि माणसाबरोबर जळून जाते. आई गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आपले प्रतिपिंड वारेतून बाळाला देते, पहिल्या चिकातून आणखी काही देते. पण ती उसनवारी असते, काही महिन्यांत संपते. गोवराची लस नऊ महिन्यांनी टोचतात ती म्हणूनच: आईचे प्रतिपिंड ओसरल्याशिवाय बाळाचं शरीर स्वतः शिकत नाही. त्यानंतर पाटी कोरी. आजीनं सोसलेली देवी नातवाच्या रक्ताला माहीत नसते.

देवीचा रोग १९७५ साली भारतातून गेला. १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. टोचणीही थांबली. आता पापनाशमच्या बाजारात काय नि पुण्याच्या मंडईत काय, ज्यांच्या दंडावर देवीच्या टोचणीचा चट्टा आहे ती माणसं वयस्क होत चालली आहेत. त्यांच्यानंतर कुणाच्याच शरीराला देवी आठवणार नाही. बाकीचे रोग मात्र गेलेले नाहीत, आणि त्यांची आठवण करून देण्याचं काम शरीर पुढच्या पिढीसाठी करत नाही. ते आपण करतो: अंगणवाडीत, ठरलेल्या दिवशी, रडणाऱ्या लेकराचा दंड धरून.