पान जागेवर, निरोप सर्व्हरवर!

कल्याणहून गावची गाडी शोधताना ‘स्लीपर’वर टिचकी मारली, की बाकीचं पान जसंच्या तसं राहतं आणि फक्त त्या चौकटीत शिल्लक जागा उमटते. ही किमया एजॅक्सची. वेबपान सर्व्हरवरच्या फंक्शनला परस्पर निरोप धाडतं आणि उत्तर येईपर्यंत खोळंबून राहत नाही. त्याच्या या भन्नाट गोष्टी!

ईमेलच्या पोटी जन्म: मायक्रोसॉफ्टला आउटलुकची मेल ब्राउझरमध्ये चालवायची होती. त्यासाठी केलेली सोय मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत घरोघर पोचली.

नावापुरतं एक्सएमएल: ही सोय एक्सएमएल या माहिती-मांडणीच्या लायब्ररीत बसवून पाठवली, म्हणून तिचं नाव एक्सएमएलएचटीटीपी. आज उत्तरं बहुतेकदा जेसॉन या दुसऱ्या मांडणीत येतात, नाव मात्र टिकलं.

बारसं सहा वर्षांनी: ८ फेब्रुवारी २००५ला गुगल मॅप्स आलं. ठाण्याच्या तलावपाळीवरून नकाशा कल्याणच्या काळा तलावापर्यंत सरकवा; लागतील तेवढेच तुकडे येतात. दहाच दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, वेब डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘एजॅक्स’ नाव दिलं.

थांबला तो गोठला: पानावरची जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. उत्तराची वाट पाहत ती अडून बसली, तर ना बटण चालेल ना पान सरकेल. म्हणून निरोप असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी न थांबणारे!

मागून येऊन पुढे: ठाण्याहून आधी सुटलेल्या स्लो लोकलला मागची फास्ट गाठते आणि कल्याणला आधी पोचते. निरोपांचंही तसंच. स्टेशन शोधायला ‘ठा’ टाइप केलं, लगेच ‘ठाकु’ केलं. ‘ठाकु’चं उत्तर (ठाकुर्ली) आधी आलं आणि ‘ठा’चं मागाहून, तर यादी चुकीची दिसते. जाणता प्रोग्रामर शिळं उत्तर टाकून देतो.

बोगद्यात रेंज गेली तर? याच मार्गावरच्या १९१६च्या पारसिक बोगद्यात निरोप अडकला, तर निरोप धाडणारं ब्राउझरचं ‘फेच’ फंक्शन आपणहून ठरावीक सेकंदांनी हार मानत नाही. मुदत आपणच घालायची. पैसे भरताना प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक द्यावा. मग बटण दोनदा दाबलं तरी सर्व्हर तोच क्रमांक ओळखून पैसे एकदाच कापतो.

विश्वास नको, तपासणी हवी: निरोप कोणीही बनवू शकतो. म्हणून रक्कम, वय, परवानगी सर्व्हरने स्वतः तपासलीच पाहिजे.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचंय? विंडोज संगणकावर क्रोममध्ये एफ १२ दाबा, ‘नेटवर्क’मध्ये ‘फेच/एक्सएचआर’ निवडा आणि एजॅक्सवर चालणारी कुठलीही साइट वापरा. निरोपांची रांग समोर दिसेल. वेब शिकणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी!