दोन दोषांचे एक मूल

कुंटाळ्याच्या धबधब्यामुळे प्रवाशांच्या परिचयाचे असलेले नेरडीगोंडा आदिलाबाद जिल्ह्यात आहे. हा मुलूख गोंड-कोलामांचा, रानांचा आणि पूर्वापार हिवतापाचा. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसतो, तेथे रक्तातील काही दोषही टिकून राहतात. कारण त्यांचा एकच अंश अंगी असलेल्या मुलाला हिवतापाने दगावण्याचे भय कमी असते. सिकलसेल हा असा एक दोष, थॅलसेमिया हा दुसरा. पहिल्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडांत असह्य कळा आणतात. दुसऱ्यात हिमोग्लोबिन पुरेसे तयारच होत नाही. भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ साली झाली, ती निलगिरीतील आदिवासींत. १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी तो मध्य भारतातही दाखवून दिला.

आता आईकडून एक दोष आणि बापाकडून दुसरा आला तर? आईबाप दोघेही धडधाकट, शेतात राबणारे. मुलाचा आजार मात्र धड सिकलसेल नव्हे आणि धड थॅलसेमियाही नव्हे. कळा पहिल्याच्या, पेशींचा बारीकपणा व फिकेपणा दुसऱ्याचा. निव्वळ सिकलसेलमध्ये प्लीहा वयाबरोबर आक्रसते; येथे ती पुष्कळदा वाढलेलीच राहते. मग सांधे दुखतात म्हणून संधिवात, डोळे पिवळे म्हणून कावीळ, रक्त फिके म्हणून लोहाच्या गोळ्या! लोह कमी नसता त्या गोळ्या व्यर्थ. आणि ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते. शाळेत असे मूल कामचुकार ठरते, ते वेगळेच.

रक्ताच्या थेंबाची साधी चाचणी सिकलसेलचा अंश आहे एवढेच सांगते. नुसता वाहक कोण व रोगी कोण, हे तिला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजावे लागतात. वाहकात नेहमीचे 'ए' अधिक व 'एस' कमी. मिश्र आजारात याच्या उलट, शिवाय 'ए-२' बहुधा वाढलेले. कधी 'ए' मुळीच नसते, तेव्हा अहवाल निव्वळ सिकलसेलचाच भासतो. अशा वेळी आईबापांचे रक्त तपासले म्हणजे उलगडा होतो.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या मोहिमेत आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी योजिली आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे हल्ले कमी होतात. अशा जोडप्याला प्रत्येक गर्भारपणी असेच मूल होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून पाठच्या भावंडांची तपासणीही त्याच फेरीत उरकून घेतलेली बरी.