कोंडिविट्याच्या भिंती

संपादकांनी विषय सांगितला तेव्हा तो हलका वाटला होता. रविवारचा फेरफटका, एक ओसाड चर्च, मग पवईच्या तळ्याकाठी जेवण आणि चार फोटो. मी होकार दिला, कारण अंधेरीत वीस वर्षं राहूनही हे चर्च मी पाहिलेलं नव्हतं. पाहणार तरी कसं? ते सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या आत आहे. कस्टम्सचा पहारा असलेल्या त्या कुंपणात पासाशिवाय कुणाला सोडत नाहीत. गावकऱ्यांना वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, तिथे मिस्सा करायची परवानगी मिळते. तोच दिवस धरून मी गेले.

सकाळी साडेसातला गेटवर रांग होती. ओळखपत्रं तपासली जात होती, पिशव्या उघडून दाखवाव्या लागत होत्या. रांगेत तरुण मुलं होती, झग्यातल्या लहान मुली होत्या आणि लाल-हिरव्या चौकड्यांची लुगडी नेसलेल्या, अंबाड्यात फुलं माळलेल्या बायका होत्या. एकमेकींशी मराठीत बोलत होत्या. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टी-वसईचे मूळचे ख्रिस्ती लोक. नावात ‘ईस्ट’ असलं तरी पूर्व भारताशी त्यांचा काही संबंध नाही. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं. गोव्याहून आणि मंगळुरूहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी, असा त्यामागचा हेतू. घरातली भाषा मराठीचीच एक बोली.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या इमारती. १९७३ साली हा भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी राखला गेला, पुढे हिरे आणि दागिन्यांचे कारखाने आले. रस्ता वळला, झाडी दाट झाली आणि झाडांमागून काळ्या दगडाचा मनोरा दिसला.

इतिहास थोडक्यात असा. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. जेझुइट पाद्री इथे आले आणि कोंडिविटे गावात त्यांनी संत योहान बाप्तिस्माकर्त्याच्या नावाने हे चर्च बांधलं. ते १५७९ साली, त्या संताच्या सणालाच खुलं झालं. वांद्र्याचं सेंट अँड्र्यू चर्च १५७५चं, म्हणजे ही दोन्ही एका पिढीतली. त्याच १५७९च्या ऑक्टोबरात फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याने पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिलं. तो राहिला गोव्यातल्या साष्टीत, हे चर्च मुंबईच्या साष्टीत.

गाव मात्र चर्चहून पुष्कळ जुनं. महाकाली लेणी म्हणून आपण जी ओळखतो त्यांचं दुसरं नाव कोंडिविटे लेणी, आणि तिथल्या बौद्ध भिक्षूंचा काळ इसवी सनापूर्वीपर्यंत मागे जातो. चर्चने पोर्तुगीज पाहिले, १७३७ नंतरचा मराठ्यांचा अंमल पाहिला, १७७४ नंतर इंग्रज पाहिले. १८४० साली गावात साथ आली. वाचलेले लोक मरोळला गेले. जाताना मूर्ती, वेदीचे भाग, बाप्तिस्म्याचं कुंड असं जे नेता आलं ते बरोबर नेलं आणि मरोळला नवं चर्च उभं केलं. नेता आल्या नाहीत त्या भिंती.

त्या भिंतींपाशीच मी अडकले.

छप्पर नाही. जिथे वेदी होती तिथे पांढरं कापड घातलेलं टेबल मांडलं होतं, वर उन्हासाठी कापडी मांडव. मिस्सा सुरू व्हायला अवकाश होता. खुर्च्या मांडण्याची लगबग चालली होती आणि एका कोपऱ्यात सत्तरी ओलांडलेली एक बाई भिंतीशी वाकून काहीतरी उपटत होती. जवळ गेले तर पिंपळाची रोपटी. बोटभर उंचीची, दगडांच्या सांध्यांतून वर आलेली. शेजारी वर्तमानपत्रावर त्यांचा छोटा ढीग.

“आंटी, मी मदत करू?” विचारलं.

“कर की बाय. पण नुसती पानं तोडू नको, मुळासकट काढ. तुटलं तर दोन फुटतात.”

मरोळच्या गावठाणात त्यांचं घर. दर वर्षी त्या तासभर आधी येतात आणि हाताला पोचेल तेवढी भिंत साफ करतात. एकदा खुरपं आणलं होतं, ते गेटवर ठेवून घेतलं. तेव्हापासून नुसत्या हातांनी. नखांत चुना भरला होता. तो त्यांनी मला दाखवला, बोटांनी चुरला. पीठ झालं.

“हा मेलेला चुना,” म्हणाल्या. त्यांचे वडील गवंडी होते.

पुढचा अर्धा तास त्यांनी मला चुना शिकवला, आणि जे ऐकलं ते इथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यांतला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की खदखदतो, वाफ सोडतो. मग वाळू किंवा सुरखी घालून तो घाणीत मळायचा. बैल गोल फिरत राहतो, दगडी चाक चरातून फिरत राहतं आणि चुना लोण्यासारखा होतो. कुठे त्यात गूळ पडतो, कुठे हिरड्याचं पाणी. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. याला वर्षं लागतात. म्हणून जुनी भिंत बांधून झाली त्या दिवसापेक्षा शंभर वर्षांनी जास्त मजबूत असते.

पण एका अटीवर. तिच्या डोक्यावर छप्पर हवं. या जाड भिंतींच्या दोन्ही अंगांना घडीव दगड असतो आणि मध्ये चुना व दगडांच्या तुकड्यांची भर. भिंतीचा माथा उघडा पडला की पाऊस थेट त्या भरीत उतरतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुना विरघळवत खाली नेतं. बाहेरून दगड जागच्या जागी दिसतात, आत पोकळी होत जाते. तिथे पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं, वडाचं बी पडतं. रोपट्याला माती लागत नाही, ओल आणि फट पुरते. मूळ सांध्यातून आत शिरतं, जाड होतं आणि दगडाला बाहेर रेटतं. एवढ्यावर थांबत नाही. त्याच मुळाने काही दगड घट्ट धरूनही ठेवलेले असतात. झाड वरून छाटलं तर ते जोमाने पुन्हा फुटतं, आणि मोठं झाड उपटून काढलं तर भिंतच बरोबर येते. आंटींनी मनोऱ्याच्या अंगाकडे बोट केलं. तिथे एक मूळ दोरखंडासारखं खाली उतरलं होतं. “त्याला मी हात लावत नाही,” त्या म्हणाल्या. “आता तेच भिंतीला धरून आहे.”

मिस्सा झाली. भजनं झाली. आकाशाखाली, दगडांच्या मधोमध, शेकडो लोक एका सुरात गात होते आणि पलीकडे कारखान्याचं एअर कंडिशनिंग घुमत होतं. मी ख्रिस्ती नाही. तरी त्या गाण्याने माझा गळा दाटून आला. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडलेल्या गावात लोक परत येतात, गुडघे टेकतात आणि दुपारपर्यंत कुंपणाबाहेर जातात.

आंटींच्या मुलाने मला जेवायला चला म्हणून आग्रह केला. पवईच्या तळ्याकाठचं एक हॉटेल त्यांनी ठरवलं होतं, आणि मलाही तिकडे जायचंच होतं. काचेच्या भिंतीपाशी टेबल मिळालं. समोर पाणी, म्हणजे पाणी असायला हवं तिथे जलपर्णीचा हिरवा गालिचा, त्यात मधूनमधून पाण्याचे तुकडे आणि एका तुकड्याकाठी निश्चल बगळा. या तळ्यात मगरी आहेत. पाटी लावलेली आहे, आणि काठावर बसून गळ टाकणारेही आहेत.

हे तळं १८९१ सालचं. त्याच्या उत्तरेचं विहार तळं त्याहून जुनं. १८५६ साली त्याचं काम सुरू झालं, १८६०मध्ये मुंबईला नळाने पहिलं पाणी तिथून मिळालं. विहारलाही एक ख्रिस्ती वस्ती होती, तिचं चर्च होतं. तळ्यासाठी जागा गेली आणि ते चर्च पवईला आलं. आजचं होली ट्रिनिटी तेच. म्हणजे इथल्या पंचक्रोशीत वीस वर्षांच्या आत दोन गावांनी आपली चर्चं हलवली, एकाने साथीपायी, दुसऱ्याने पाण्यापायी. पवईचं पाणी तर पिण्यालायक निघालंच नाही. विहार आणि पवई भरून वाहिली की ते पाणी मिठी नदीत उतरतं आणि मरोळकडे जातं.

आंटींनी कोळंबी मागवली. पहिला घास घेऊन म्हणाल्या, “चांगली आहे. पण आपल्या मसाल्यातली नाही.” मे महिना त्यांच्या घरी बाटली मसाल्याचा. मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बिअरच्या गडद बाटल्यांत भरायचे. भरताना लाकडी काठीने ठोकत जायचं, हवा राहता कामा नये. हवा राहिली की ओल शिरते आणि श्रावणापर्यंत मसाला जातो. हे सगळं पावसाआधी आटपायचं असतं. मला त्या बाटलीत भिंत दिसली. या घराला ओल बाहेर ठेवण्याची विद्या पिढ्यानपिढ्या येते, स्वयंपाकघरातही आणि गवंडीकामातही.

मग अडचणींचं बोलणं निघालं आणि जेवण थंड झालं.

पहिली अडचण जागेची. चर्च एका ठिकाणी, त्याचे लोक दुसऱ्या ठिकाणी आणि मध्ये सरकारी कुंपण. निर्यातीच्या क्षेत्राला पहारा लागतो, हे मला मान्य आहे. आत सोनं आणि हिरे आहेत. पण पहाऱ्यात राहिलेल्या वास्तूला रोज पाहणारं कुणी उरत नाही. दगड निखळला तर तो मे महिन्यात कळतो.

दुसरी अडचण सिमेंटची. जिथे कुठे जुन्या बांधकामाच्या डागडुजीला पैसे मिळतात, तिथे लवकर आणि स्वस्त म्हणून सिमेंटने सांधे भरले जातात. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, त्यातून ओल बाहेर पडत नाही. ती आतच कोंडते, क्षार आणते, आणि दगडाची कड सुटते. या भिंतीला चुनाच हवा आणि चुना मळणारे हात हवेत. आंटींच्या वडिलांबरोबर त्यांच्या घरातलं ते काम संपलं. मुलगा बँकेत आहे. त्याने नजर खाली घातली. मला ते पाहवलं नाही, कारण दोष त्याचा नाही. ज्या कामाला चाळीस वर्षं कुणी बोलावलं नाही, ते काम मुलाने शिकावं कशाला?

तिसरी अडचण तारखेची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. मे महिन्यात रोपटी कोरडी आणि चिवट असतात, बोटांत तुटतात. खरी उगवण जून ते सप्टेंबर होते. ऑक्टोबरात भिंत अजून ओली असते, रोपटं कोवळं असतं, मूळ सांध्यात पक्कं बसलेलं नसतं. तेव्हा दोन बोटांत धरलं तर अख्खं येतं. पण ऑक्टोबरात गेट बंद. मग ते रोपटं मेपर्यंत सात महिने आत शिरत राहतं. वर्षातला जो एक दिवस मिळतो तो भिंतीच्या दृष्टीने उशिराचा आहे.

लोक जागरूक झाले की काय होतं, ते याच तळ्याने दाखवलं. पवईच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायचं काम सुरू झालं होतं. काही विद्यार्थी न्यायालयात गेले आणि मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. चर्चसाठी कोर्टात जायची गरज नाही. एक अर्ज आणि एक होकार पुरेल.

ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. त्या आठवड्यात सीप्झच्या व्यवस्थापनाने गावकऱ्यांना आणखी एक दिवस द्यावा. मिस्सेसाठी नाही, भिंतीसाठी. वीस माणसं, दोन शिड्या, पुरातन वास्तूंचं काम जाणणारा एक अभियंता आणि चुन्याचं काम येणारा एक गवंडी. लहान रोपटी मुळासकट निघतील, मोठ्या झाडांचं काय करायचं ते अभियंता पाहील, उघड्या माथ्यावर चुन्याचा थर बसेल. ओळखपत्रं तपासा, पिशव्या तपासा, हवं तर सोबत पहारेकरी द्या. फक्त खुरपं आत नेऊ द्या.

आणि वाचकांपैकी कुणाच्या घरात चुन्याची घाणी चालवलेलं माणूस अजून असेल, तर त्यांनी मरोळच्या चर्चमध्ये जाऊन तसं सांगावं. ते चर्च कुंपणाबाहेर आहे.