डब्यातले थंड सँडविच: आधी घड्याळ पाहा

बदलापूरहून मुंबई सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. अंबरनाथ आणि उल्हासनगरकरांचा प्रवासही फारसा कमी नाही. आमच्या या पट्ट्यात अनेक घरी फजरनंतर लगेच डबा भरला जातो आणि तो उघडतो जोहरच्या सुमारास. मधे सहा-सात तास जातात. अशा घाईत गॅस न पेटवता दहा मिनिटांत होणारे थंड सँडविच मोठा आधार वाटते. पण त्यात काय घालायचे, हे ते किती वाजता खाल्ले जाणार यावर ठरवावे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेले अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये. 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. गर्दीच्या डब्यातली आमची पिशवी नेमकी याच तापमानात असते. म्हणून उकडलेले अंडे, चिकन आणि मेयोनीज यांचे सँडविच घरीच, केल्याबरोबर खावे. चिकन हलाल दुकानातले आणि ताजे असले, तरी उन्हात ते टिकत नाही.

डब्यासाठी (एका माणसाला)

ब्रेडचे 4 स्लाइस, लोणी, 2 मोठे चमचे शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी, 1 काकडी, 1 गाजर.

स्लाइसला कडेपर्यंत लोणी लावा. लोण्यामुळे ब्रेड ओलसर होत नाही. त्यावर कोरडी चटणी पसरून दुसरा स्लाइस दाबा. काकडी आणि गाजर धुऊन, पुसून अख्खेच सोबत द्या. ते जेवताना चावून खाता येते. यात पाणी सुटणारे किंवा लवकर नासणारे काही नाही.

घरी खाण्यासाठी

शाळेतून परतलेल्या मुलांना मुंबईच्या गाडीवर मिळते तसे सँडविच द्या. वाटीभर कोथिंबीर, 2 हिरव्या मिरच्या, मीठ, अर्धे लिंबू आणि चमचाभर डाळे पाणी न घालता वाटा. डाळ्याने चटणी घट्ट होते. लोणी आणि चटणी लावून उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो आणि बीट यांचे पातळ काप रचा. काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्या, टोमॅटोच्या बिया काढा.

हेच सँडविच डब्यात हवे असेल, तर रात्री पाण्याची छोटी बाटली बर्फ करून ठेवा. सकाळी ती कापडात गुंडाळून डब्याला चिकटवून द्या. बटाटाही आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. बाटली नसेल, तर बटाटा नको.

सँडविच वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई अन्नात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 मध्येच याबाबत इशारा दिला आहे. स्वच्छ सुती रुमाल किंवा स्टीलचा डबा उत्तम.

आणखी एक गोष्ट. यात चूल नाही, फोडणी नाही. दहा वर्षांचा मुलगाही लोणी-चटणी लावू शकतो, घरातले पुरुषही. पहाटे सर्वांत आधी उठणाऱ्या अम्मीला आठवड्यातून दोन दिवस तरी एवढी विश्रांती आपण देऊ शकतो.