सूज नाही म्हणजे पाणी नाही?

डायलिसिसच्या फाइलवर ‘ड्राय वेट 58 किलो’ असं एकदा लिहिलं गेलं की तो आकडा दगडावरची रेघ होऊन बसतो. ड्राय वेट म्हणजे अंगातलं जादा पाणी निघून गेल्यावर उरायला हवं ते वजन. रुग्ण 61.5 किलोवर आला, म्हणजे साडेतीन लिटर पाणी काढायचं. ही वजाबाकी चुकत नाही. पण 58 हा आकडा मुळात मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचं दोन किलो मांस झडलं आणि तेवढंच पाणी साचलं, तर काटा 58च दाखवतो आणि जादा पाणी अंगातच राहतं. उलट, जेवण सुधारून अंग भरलेल्या रुग्णाला त्याच आकड्यापर्यंत खेचलं तर पायात गोळे येतात. त्यामुळे हा आकडा पुन्हा पुन्हा तपासावाच लागतो. आजारपणानंतर तर लगेच.

‘पायावर सूज नाही, मग पाणी कुठलं?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो. बोटानं दाबल्यावर खड्डा पडण्याआधी शरीरात दोन-तीन लिटर पाणी सहज मुरलेलं असू शकतं. छातीला स्टेथोस्कोप लावून काही ऐकू येत नसतानाही फुफ्फुसांच्या सोनोग्राफीत पाणी दिसतं. बोलका पुरावा रक्तदाबाचा आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, डायलिसिसवर असूनही रक्तदाब चढाच राहणाऱ्या 150 रुग्णांपैकी काहींचं ड्राय वेट हळूहळू खाली आणलं. आठ आठवड्यांत वजन साधारण एका किलोनं उतरलं आणि वरचा दाब तुलनेच्या गटापेक्षा सहा-सात अंकांनी जास्त घटला. म्हणून बीपीची आणखी एक गोळी वाढवण्याआधी पाण्याचा विचार व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

यावर रास्त आक्षेप येतो: पाणी काढताना बीपी पडतं, म्हणजे शरीर कोरडं झालं असणारच ना? तसं नेहमी नसतं. मशीन फक्त रक्तातलं पाणी ओढतं. पेशींभोवती साचलेलं पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. ओढण्याचा वेग त्याहून जास्त झाला की अंगात पाणी असूनही दाब कोसळतो. वरच्याच रुग्णाचे साडेतीन लिटर चार तासांत काढले, तर वेग किलोमागे ताशी 15 मिलिलिटर होतो. 13च्या वरच्या वेगाचा मृत्यूच्या वाढत्या प्रमाणाशी संबंध 2011च्या एका विश्लेषणात दिसला. हा निरीक्षणातून आलेला संबंध आहे, कार्यकारणाची सिद्धता नव्हे. तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तेच पाणी पाच तासांत काढलं तर वेग 12वर येतो. पण खाटा मोजक्या, पुढचा रुग्ण बाहेर ताटकळलेला आणि आठवड्यातून दोनदाच डायलिसिस परवडणारी माणसं. त्यांना ‘तास वाढवा’ एवढंच सांगून भागत नाही. तिथे दोन डायलिसिसमधलं वजन कमी वाढणं हाच खरा उपाय, आणि त्याची किल्ली मिठात आहे. साधारण आठ ग्रॅम मीठ लिटरभर पाणी धरून ठेवतं. लोणचं, पापड, फरसाण चालू ठेवून ‘पाणी कमी प्या’ म्हणणं म्हणजे तहान लावून तांब्या काढून घेणं.

मग एखादं यंत्रच का नेमून टाकू नये? डायलिसिस चालू असताना रक्ताच्या आकारमानावर नजर ठेवणारं यंत्र 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 443 रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिलं गेलं. यंत्राच्या गटात रुग्णालयात भरती होणं आणि मृत्यू कमी झाले नाहीत, उलट जास्तच आढळले. यंत्र एक बाजू दाखवतं. रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का, डायलिसिसनंतर किती वेळ ग्लानी राहते, हे रुग्णच सांगू शकतो. ड्राय वेट उतरवायचं तेही दोनशे-तीनशे ग्रॅमच्या टप्प्यांनी. घाई केली तर दाब कोसळून फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी, बंद पडू शकतो आणि ज्यांना अजून थोडी लघवी होते, त्यांची तीही आटू शकते.